दंडावरचा सेन्सर बाबांसाठी घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा: बाबा ६८ वर्षांचे आहेत. आई-बाबा मिरजेजवळच्या गावी दोघंच राहतात, मी पुण्यात असते. बाबांना १८ वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी आणि रात्री जेवणाआधी ३०/७० इन्सुलिन आणि मेटफॉर्मिन चालू आहे. पाच वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून मेटोप्रोलॉल घेतात. क्रिएटिनिन १.६, एचबीए१सी ६.९. गेल्या महिन्यात रात्री तीन वाजता आईला जाग आली तेव्हा बाबा घामानं चिंब झाले होते आणि असंबद्ध बोलत होते. शुगर ४१ निघाली (त्या दिवशी एकादशी होती). साखरपाणी दिल्यावर सावरले. डॉक्टर दंडावर शुगर सतत मोजणारा सेन्सर लावा म्हणतात. भाऊ म्हणतो, त्यापेक्षा शुगर दाखवणारं घड्याळ घेऊ, अडीच हजारांत मिळतं आणि टोचायलाही नको. शेजारच्या काकांनी सेन्सर लावला होता, पण त्याचा आकडा मशीनशी कधीच जुळला नाही, असं ते सांगतात. काय करावं?

उत्तर:

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. त्या दिवशी एकादशी होती. त्याच्याकडे येतोच, पण आधी सरळ उत्तर देतो, कारण यातली एक गोष्ट उद्यावर टाकण्यासारखी नाही.

घड्याळ घेऊ नका. सेन्सर घ्या, पण कायमचा नको. सुरुवातीला लागोपाठ दोन लावा, म्हणजे साधारण महिनाभराची नोंद मिळेल. आणि सेन्सर येईपर्यंत थांबू नका. बाबांच्या डॉक्टरांना आजच फोन करून रात्रीच्या इन्सुलिनच्या डोसबद्दल विचारा. ज्याचं कारण सापडत नाही असा हायपो (रक्तातली साखर फार खाली जाणं) झाला की तो डोस साधारण १० ते २० टक्क्यांनी कमी करण्याची पद्धत आहे. बाबांचा किती कमी करायचा, की इन्सुलिनच बदलायचं, हे त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण विचारायला उशीर करू नका. ४१ आणि असंबद्ध बोलणं याला आम्ही गंभीर हायपो म्हणतो. एकदा असा झाला की पुन्हा होण्याची शक्यता वाढलेली असते, आणि अँजिओप्लास्टी झालेल्या हृदयावर त्याचा ताण येतो.

मी चोवीस वर्षं मधुमेहाचे रुग्ण तपासतो आहे. बाबांची त्या रात्रीची गोष्ट मी वेगवेगळ्या घरांतून इतक्या वेळा ऐकली आहे की ती जवळजवळ डोळ्यांसमोर दिसते. ३०/७० इन्सुलिनमधला तीस टक्के भाग जेवणासाठी झटपट काम करतो. उरलेला सत्तर टक्के भाग हळू चढतो, आणि त्याचा जोर टोचल्यानंतर साधारण चार ते आठ तासांनी सगळ्यात जास्त असतो. रात्री आठला टोचलं तर हा जोर येतो बारा ते चारच्या दरम्यान, घर गाढ झोपेत असताना. रोज पोटात भाकरी-भात असतो म्हणून निभावतं. एकादशीला रात्री फार तर दूध-केळं, मूठभर शेंगदाणे झाले असतील. डोस मात्र रोजचाच. त्यात क्रिएटिनिन १.६ म्हणजे मूत्रपिंडं मंदावलेली, त्यामुळे इन्सुलिन शरीरातून बाहेर पडायला जास्त वेळ लागतो. या सगळ्याची बेरीज रात्री तीनला झाली. (मेटफॉर्मिनचा डोसही या क्रिएटिनिनवर एकदा तपासून घ्या.)

आईला जाग आली ती बहुधा घामामुळे. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या हायपोमधली छातीतली धडधड आणि हातांची थरथर दाबून टाकतात, घाम मात्र दाबत नाहीत. म्हणजे बाबांना स्वतःला जागं करणारी घंटाच या गोळीनं मंद केली आहे. गोळी हृदयासाठी गरजेची आहे, ती स्वतःहून बंद करू नका. पण दुसरी घंटा बसवायला हवी, आणि ती म्हणजे अलार्म देणारा सेन्सर. बाबांसाठी सेन्सर हवा म्हणतो तो यासाठी. जेवल्यावर साखर किती चढते हे पाहायचं काम त्यानंतरचं.

एचबीए१सी ६.९ आल्यावर घरात आनंद झाला असेल. मला तो आकडा पाहून काळजी वाटली. एचबीए१सी हे दोन-तीन महिन्यांचं सरासरी चित्र आहे. दुपारी २६० आणि रात्री ५५ असणाऱ्या माणसाची सरासरीही छान दिसते. शिवाय मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना पंडुरोग (हिमोग्लोबिन कमी असणं) असू शकतो, आणि मग हा आकडा दोन्ही बाजूंना फसवू शकतो. इन्सुलिनवर असलेल्या, हृदय आणि मूत्रपिंड दोन्हीचा त्रास असलेल्या या वयाच्या माणसासाठी आठच्या आतबाहेरचा आकडा मला सातच्या खालच्या आकड्यापेक्षा जास्त निश्चिंत करतो. हे वाचून चकित होऊ नका आणि डॉक्टरांना दोष देऊ नका. रात्री तीनला काय चाललंय हे त्यांना कागदावर दिसतच नव्हतं.

आता घड्याळ. भावाचा हेतू चांगला आहे, आणि सुई न टोचता शुगर कळावी असं कोणाला वाटणार नाही? पण हे काम का अवघड आहे ते पाहा. साधारण पाच लिटर रक्तात सगळी मिळून पाचएक ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचा एक चमचा. ऑक्सिजन मोजणारी बोटाची क्लिप चालते, कारण ऑक्सिजन असलेल्या आणि नसलेल्या हिमोग्लोबिनचा रंगच वेगळा असतो. ग्लुकोजला असा रंग नाही. त्वचेतून आत सोडलेल्या प्रकाशात पाणी, चरबी, प्रथिनं, घाम, त्वचेचा रंग आणि तापमान यांचा गलबला इतका मोठा असतो की त्या चमचाभर साखरेची खूण त्यात बुडून जाते. मोठमोठ्या प्रयोगशाळा कित्येक वर्षं यावर झटत आहेत. अमेरिकेत २००१ साली ग्लुकोवॉच नावाच्या मनगटी यंत्राला परवानगी मिळाली होती. ते त्वचेतून सौम्य वीजप्रवाह सोडून आतला द्रव वर ओढायचं. कातडी लाल व्हायची, घाम आला की मोजणी अडायची, आणि काही वर्षांत ते बाजारातून गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं जाहीर इशारा दिला की त्वचेला छेद न देता स्वतः शुगर मोजणारं एकही स्मार्ट घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही, त्यांवर विसंबू नका.

माझ्याकडे एक गृहस्थ असं घड्याळ घालून आले होते. जेवणाआधी १०४, जेवल्यावर ११०, सगळं छान. त्याच वेळी बोटातून तपासलं तर २८६. त्यांनी चार महिने त्या घड्याळावर भरवसा ठेवून गोळ्या अर्ध्यावर आणल्या होत्या. बाबांच्या बाबतीत उलटा धोका आहे. घड्याळ ११० दाखवत राहील आणि रात्री तीनला आई त्यावर विश्वास ठेवून पुन्हा झोपी जाईल.

एक गोंधळ मात्र दूर करतो. तुम्ही कुणाच्या महागड्या घड्याळावर शुगरचा खरा आकडा पाहिला असेल. तो आकडा घड्याळानं मोजलेला नसतो. दंडावरचा सेन्सर मोजतो, फोनला पाठवतो, आणि घड्याळ फक्त तो दाखवतं.

सेन्सरचं काम असं चालतं. दंडाच्या मागच्या बाजूला नाण्याएवढी चकती चिकटते आणि तिच्या खाली केसासारखी बारीक, जेमतेम अर्धा सेंटीमीटर लांबीची लवचीक तार त्वचेखाली राहते. बसवताना सुई आत जाऊन लगेच बाहेर येते. तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. त्याची ग्लुकोजशी क्रिया झाली की अतिसूक्ष्म वीजप्रवाह तयार होतो, आणि त्या प्रवाहावरून आकडा काढला जातो. या प्रकारच्या इलेक्ट्रोडची कल्पना १९६२ साली लेलंड क्लार्क यांनी मांडली. रुग्णाच्या अंगावर लावायचं पहिलं यंत्र अमेरिकेत १९९९ मध्ये मंजूर झालं. ते जेमतेम तीन दिवस चालायचं आणि त्याची नोंद डॉक्टरांकडे जाऊनच वाचता यायची. आता आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा सेन्सर चौदा दिवस चालतो.

पण ही तार रक्तात नसते. ती पेशींच्या भोवतालच्या द्रवात असते, आणि शेजारच्या काकांची तक्रार इथूनच सुरू होते. तुमच्याकडे कृष्णाकाठी हे समजवायला सोपं आहे. कालव्याला पाणी सुटलं म्हणजे शेवटच्या वाफ्यात लगेच पाणी आलं असं होत नाही. आणि कालवा बंद केला तरी वाफा काही वेळ ओलाच असतो. रक्त हा कालवा, त्वचेखालचा द्रव हा वाफा. दोघांत पाच ते पंधरा मिनिटांचं अंतर असतं. साखर स्थिर असेल तेव्हा दोन्ही आकडे जवळजवळ येतात. जेवणानंतर साखर भराभर चढत असताना सेन्सर मागे असतो, म्हणून कमी दाखवतो. भराभर उतरत असताना तो जास्त दाखवतो. काकांनी बहुधा जेवून तासाभरानं दोन्ही आकडे ताडून पाहिले असतील, म्हणजे नेमके सगळ्यात न जुळणाऱ्या वेळी.

दुसरं असं की मशीन म्हणजे ग्लुकोमीटरही तराजू नव्हे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार चांगल्या ग्लुकोमीटरचे ९५ टक्के आकडे खऱ्या आकड्याच्या १५ टक्के आतबाहेर असले की तो पास होतो. खरी साखर २०० असेल तर १७२ दाखवणारं मशीनही बरोबर आणि २२८ दाखवणारंही बरोबर. सेन्सरची सरासरी चूक साधारण नऊ-दहा टक्क्यांची असते. तेव्हा मशीन १६२ आणि सेन्सर १४४ यात भांडण्यासारखं काही नाही. मी रुग्णांना एक साधा ठोकताळा देतो: शंभराच्या वर असताना फरक वीस टक्क्यांच्या आत, शंभराच्या खाली असताना फरक वीस अंकांच्या आत, तर सेन्सर ठीक आहे. त्याबाहेर वारंवार गेला तर बदलून मागा. आणि बोट टोचण्याआधी हात साबणानं धुऊन कोरडे करा. आंबा कापलेल्या किंवा गूळ फोडलेल्या बोटावर मशीन ३०० सुद्धा दाखवतं, हे मी उन्हाळ्यात दरवर्षी पाहतो.

बाबांच्या बाबतीत खोट्या आकड्याच्या दोन जागा आधीच सांगून ठेवतो. पहिली, झोपेत दंडाखाली सेन्सर दाबला जाणं. त्या जागी द्रवाची ये-जा कमी होते आणि सेन्सर ५५-६० दाखवून अलार्म वाजवतो, साखर खरं तर ११० असते. आलेखात हे ओळखू येतं: रेघ सरळ खड्ड्यात पडते आणि कूस बदलताच, काही न खाता, तितक्याच सरळ वर येते. खरा हायपो उतार उतरत येतो. म्हणून बाबा ज्या कुशीवर झोपतात त्याच्या दुसऱ्या दंडावर सेन्सर लावा. दुसरी जागा म्हणजे विटामिन सी. संत्र्याच्या चवीच्या चघळायच्या गोळ्या आपल्याकडे सर्दी झाली की सहज घेतल्या जातात आणि एकेका गोळीत ५०० मिलिग्रॅम असतं. काही सेन्सर त्यामुळे साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात, म्हणजे हायपो झाकला जातो. सेन्सर असेपर्यंत त्या गोळ्या बंद ठेवा.

विकत घेताना दुकानदाराला एकच प्रश्न ठामपणे विचारा: साखर कमी झाली तर हा आपणहून अलार्म देतो का? काही सेन्सर फोन जवळ नेऊन स्कॅन केल्याशिवाय आकडा दाखवतच नाहीत. चोवीस तासांचा आलेख मिळवायला ते उत्तम आहेत, पण रात्री तीनला कोणालाही उठवत नाहीत. आणखी एका प्रकारात आकडे रुग्णाला दिसतच नाहीत, दोन आठवड्यांनी डॉक्टर ते उतरवून घेतात. तुम्हाला अलार्मवाला हवा. बाबांचा फोन त्यावर चालतो का हेही आधी बघा. नाहीतर सेन्सरसोबतचं वेगळं रीडर घ्या. फोन रात्री उशापाशी, आवाज चालू. हे बारीक वाटेल, पण सायलेंटवरच्या फोनमुळे अलार्म असून नसल्यासारखा झालेली घरं मी पाहिली आहेत.

लावण्याच्या दिवशी दंडाला तेल नको. साबणानं धुवा, स्पिरिटनं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. आपल्या मे महिन्यात घामानं चिकटपट्टी सुटते, तर वरून टेप लावता येते. आंघोळीला हरकत नाही, फक्त पंचानं त्या जागी खसाखसा पुसू नका. एमआरआय करायचा झाला तर काही सेन्सर आधी काढावे लागतात, तेव्हा आधी विचारून घ्या. पहिल्या दिवसाचे आकडे मनावर घेऊ नका. तार आत गेल्यावर तिथल्या पेशींना स्थिर व्हायला वेळ लागतो, आणि नेमक्या याच चोवीस तासांत घरची माणसं घाबरून फोन करतात.

हे झालं यंत्राचं. खरं कौशल्य आलेख वाचण्यात आहे, आणि तिथे मी थोडा रेंगाळणार आहे.

आकड्याशेजारी बाण असतो. तो आकड्याइतकाच महत्त्वाचा. बऱ्याच सेन्सरमध्ये सरळ खाली तोंड केलेला बाण म्हणजे साखर मिनिटाला दोन अंकांहून जास्त वेगानं उतरतेय. झोपताना १३० आणि आडवा बाण असेल तर निवांत झोपावं. १३० आणि खाली बाण असेल तर अर्ध्या तासात ७० गाठू शकते, तेव्हा काहीतरी खाऊन, थांबून, पुन्हा पाहून मगच दिवा मालवावा. जुन्या मशीनवर या दोन्ही रात्री अगदी सारख्या दिसायच्या. माझ्या कामात सेन्सरनं सगळ्यात मोठा फरक पाडला असेल तर तो इथे.

अलार्मचा आकडा बाबांसाठी ७० ऐवजी ८० वर ठेवा. जागं होऊन, चष्मा शोधून, साखर कालवेपर्यंत वेळ जातो. अलार्म वाजला आणि बाबा शुद्धीत असतील तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून प्यायला द्यायची. बिस्किटं, चॉकलेट, दूध नको. त्यातल्या चरबीनं साखर रक्तात पोचायला उशीर होतो. पंधरा मिनिटं थांबून बोटातून तपासा. सेन्सरवर पाहू नका, कारण कालव्यात पाणी आलं तरी वाफा अजून कोरडाच दिसेल, आणि आई घाबरून आणखी साखर देईल. मग सकाळी ३०० सापडतात. बेशुद्ध असतील किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.

चौदा दिवस झाले की ॲपमधून एक पानी अहवाल निघतो. त्यात सगळे दिवस एकावर एक ठेवून एकच चोवीस तासांचा पट्टा काढलेला असतो. मधली रेघ म्हणजे नेहमीचा दिवस आणि पट्ट्याची रुंदी म्हणजे दिवसादिवसांतला फरक. मी आधी मध्यरात्र ते सकाळी सहा एवढाच भाग पाहतो. पट्ट्याची खालची कड ७० ला टेकते का? तसं असेल तर मी बाकीचं काहीच बदलत नाही, आधी रात्र सुरक्षित करतो. जेवणानंतरची साखर बघायला पुढचा पंधरवडा आहे.

अहवालात टक्केवारी येते. मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी २०१९ मध्ये जागतिक तज्ज्ञांनी ठरवलेलं उद्दिष्ट असं आहे: ७० ते १८० च्या दरम्यान दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ, म्हणजे जवळजवळ सतरा तास, आणि ७० च्या खाली चार टक्क्यांपेक्षा कमी. हे आकडे इंटरनेटवर वाचून बाबांना लावू नका. वयस्कर आणि जोखमीच्या रुग्णांसाठी त्याच तज्ज्ञांनी वेगळं माप दिलं आहे: ७० ते १८० मध्ये निम्मा दिवस पुरे, पण ७० च्या खालचा वेळ एक टक्क्याहून कमी, म्हणजे चोवीस तासांत पाव तासाहून कमी. तरुण माणसाला जितका हायपो चालवून घेतो त्याच्या पाव हिश्शालाही इथे जागा नाही. पुढच्या वेळी अहवाल हातात आला की हिरव्या रंगाची (७० ते १८० मधली) टक्केवारी नंतर बघा, लाल (७० च्या खालची) आधी.

आता एकादशी. बाबांना उपास सोडा म्हणून सांगू नका. चाळीस वर्षांचं व्रत डॉक्टरच्या एका चिठ्ठीनं सुटत नाही, आणि सुटू नये असंच मला वाटतं. पण उपासाच्या दिवसाचा आलेख मी जितक्या रुग्णांचा पाहिला, त्यात एक ठरलेली आकृती दिसते. सकाळी साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा. दहा-अकराच्या सुमाराला रेघ २५०-३०० कडे चढते. दुपारी बटाट्याचे वेफर्स, राजगिऱ्याचा लाडू, ती वरच राहते. संध्याकाळी पोटात फारसं काही नाही, पण सुई रोजचीच, आणि मध्यरात्रीनंतर रेघ घसरत जाते. एकाच दिवसात साखर दोन्हीकडून हाताबाहेर गेलेली असते. सरासरी काढली तर बरी दिसते!

सकाळी साबुदाण्याऐवजी वरीचे तांदूळ आणि सोबत दाण्याची आमटी, दही किंवा ताक घेतलं तर शिखर पुष्कळदा बुटकं राहतं. वरीतही पिष्ट आहेच, तेव्हा वाटी बघून. रात्री मात्र काहीतरी ठोस पोटात जायलाच हवं, आणि त्या रात्रीचा डोस वेगळा हवा. डॉक्टरांकडून दोन आकडे लिहून घ्या: रोजच्या रात्रीचा डोस आणि उपासाच्या रात्रीचा डोस. कॅलेंडरवर एकादशीच्या चौकोनात दुसरा आकडा लाल पेनानं लिहून ठेवा. सेन्सर नसतानाही हा कागद काम करतो. आषाढात बाबा वारीत थोडं अंतर का होईना चालत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. दिवसभर चाललेल्या पायांचे स्नायू रात्रीही रक्तातली साखर ओढत राहतात, त्यामुळे त्या रात्री जास्त सांभाळावं लागतं.

साखर १८० च्या वर दिसली की लगेच जास्तीचं इन्सुलिन टोचायचं, ही सेन्सर लावल्यावर होणारी सगळ्यात घातक चूक. आधी टोचलेलं इन्सुलिन अजून काम करत असतं. त्यावर दुसरं चढलं की तीन तासांनी दोन्ही मिळून खाली ओढतात. आकडा दिसत नव्हता तेव्हा ही चूक होतही नव्हती. बाबांना आणि आईला हे स्पष्ट सांगा: वरच्या आकड्याला सेन्सर बघून सुई नाही. चालून या, पाणी प्या, वहीत लिहा. २५० च्या वर बराच वेळ राहिला तर डॉक्टरांना फोन.

तुमच्याशीही थोडं बोलायचं आहे. या सेन्सरचे आकडे तुम्हाला पुण्यात फोनवर दिसण्याची सोय असते, आणि ती तुम्ही नक्की चालू कराल. करा. पण जेवणानंतर २१० दिसले की "बाबा, काय खाल्लंत?" असा फोन करू नका. माझ्याकडे एका आजोबांनी सहाव्या दिवशी सेन्सर उपटून टाकला होता. मुलगा आणि सून दोघंही दिवसातून पाच-सहा वेळा विचारायची, आणि जावयासमोर श्रीखंड वाढून घेतल्यावर फोन आला तेव्हा त्यांना फार लागलं. त्यांनी मला सांगितलं, "डॉक्टर, साखर कमी झाली तर मरेन कदाचित, पण असं जगायचं नाही." मी मुलाला बोलावून एवढंच ठरवून दिलं की फक्त खालच्या अलार्मला फोन करायचा. वरच्या आकड्यांबद्दल चौदा दिवसांनी आम्ही तिघं बसून बोलू. दुसरा सेन्सर आजोबांनी पूर्ण चौदा दिवस ठेवला. तुम्हीही तुमच्या फोनवर फक्त खालचा अलार्म चालू ठेवा. बाबा आजारी आहेत, आरोपी नाहीत.

खर्चाचं बोलायला हवं. एका सेन्सरला साधारण साडेचार-पाच हजार लागतात आणि महिन्याला दोन, म्हणजे कायम लावायचं तर महिना नऊ-दहा हजार. आपल्याकडे हा खर्च बहुतेकांना खिशातूनच करावा लागतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आला, आणि गोव्यात तर प्रमाण २६.४ टक्के, देशात सगळ्यात जास्त. यातल्या प्रत्येकाला सेन्सर लावणं शक्य नाही आणि गरजेचंही नाही. टाइप १ असलेली मुलं, दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणारे, मधुमेह असलेल्या गर्भवती, आणि बाबांसारखे ज्यांना हायपो कळत नाही, त्यांचा हक्क पहिला. नुसत्या मेटफॉर्मिनवर आकडे स्थिर असलेल्या माणसाला मी वर्षातून एखादा सेन्सर सांगतो, तोही औषध बदललं असेल तर. मधुमेह नसलेल्यांनी हौसेनं लावून जेवणानंतरच्या १५० ला घाबरू नये, निरोगी शरीरातही थोडा वेळ तितकी चढू शकते.

म्हणून बाबांसाठी माझा हिशेब असा: आत्ता लागोपाठ दोन. त्यांच्या आधारे रात्रीचं इन्सुलिन बदललं की त्यानंतर एक, बदल लागू पडला का हे पाहायला. रात्रीची रेघ लागोपाठ दोन अहवालांत ७० च्या वर राहिली की मग तीन-चार महिन्यांनी एकेक. मधल्या काळात आठवड्यातून दोनदा रात्री तीनला बोटातून तपासणी. आईला रोज उठवू नका, गजर लावून ठरलेल्या दोनच रात्री. आणि पैशांची फारच ओढ असेल तर एकाच सेन्सरवर भागवा, पण तो कधी लावायचा ते पंचांग बघून ठरवा.

पुढची एकादशी कधी आहे बघा. त्याच्या पाच-सहा दिवस आधी सेन्सर लावा, म्हणजे पहिल्या दिवसाचे कच्चे आकडे मागे पडतील, साध्या दिवसांची रेघ हाती येईल आणि उपासाची रात्र बरोबर मध्यावर सापडेल. त्या दिवशी आईला वहीत चार ओळी लिहायला सांगा: काय खाल्लं, किती वाजता, किती युनिट टोचलं, किती वाजता झोपले. अहवालाच्या कागदासोबत ते पान डॉक्टरांपुढे ठेवा.